जुनी केमन घेताना: साधी की एस, आणि कंपनीच्या कोणत्या ऑप्शनला पैसे मोजावेत

माझा एक मित्र जुन्या पोर्श केमनच्या शोधात गेले तीन महिने न्यू जर्सीभर हिंडतोय आणि शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा मी असतो. माझ्याकडे सहा वर्षांपासून बॉक्स्टर, म्हणजे केमनचीच उघडणाऱ्या छपराची बहीण आहे, तेवढ्याच भांडवलावर मला तज्ज्ञ नेमण्यात आलंय. या हिंडण्यात दोन गाड्या अशा मिळाल्या की दोन्ही २०१४ च्या, दोन्हींचं रनिंग चाळीस हजार मैलांच्या आसपास, भावही जवळपास सारखा, आणि तरी एकीवरून दुसरीत बसलं की वेगळ्याच कंपनीची गाडी वाटावी.

पहिली पांढरी. साधी केमन, २.७ लिटर, सहा गिअरची मॅन्युअल. पण पहिल्या मालकाने चालवण्याशी संबंध असलेलं जवळपास सगळं कंपनीकडूनच बसवून घेतलेलं. दुसरी करडी केमन एस, ३.४ लिटर, पीडीके म्हणजे दोन क्लचचा सात गिअरचा ऑटोमॅटिक. हिच्या मालकानेही हात सैल सोडला होता, फक्त पैसा सगळा चामड्यात आणि स्पीकरमध्ये गेला होता.

या पिढीला ९८१ म्हणतात. बॉक्स्टर २०१२ मध्ये आली, छपराची केमन २०१३ मध्ये, आणि २०१६ मध्ये ७१८ ने दोघींची जागा घेतली. ७१८ मध्ये सुरुवातीला चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं. त्यामुळे पाठीमागे बसून कानाशी गाणारं, बिनटर्बोचं सहा सिलिंडरचं इंजिन हवं असलेले लोक अजून ९८१ शोधत फिरतात. आणखी मागे, म्हणजे आधीच्या ९८७ पिढीत जायचं असेल तर २००९ किंवा त्यापुढचीच बघा. त्याआधीच्या इंजिनांत आयएमएस बेअरिंगची, म्हणजे इंजिनातल्या मधल्या दांड्याचं बेअरिंग तुटण्याची धास्ती असते, नंतरच्या इंजिनात ते बेअरिंगच नाही.

आता ताकद. साधी केमन २७५ हॉर्सपॉवर, एस ३२५. अमेरिकेत नव्या असताना एक ५२,६०० डॉलरची, दुसरी ६३,८०० ची, म्हणजे ११,२०० चा फरक. दहा वर्षांनी तो फरक बराच आटलेला असतो, म्हणून "मग एसच घेऊ" असं पटकन वाटतं. कागदावर शून्य ते साठ मैल गाठायला मॅन्युअल साध्या केमनला ५.४ सेकंद लागतात, मॅन्युअल एसला ४.७. पण रस्त्यावर जाणवतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. साधीचा २९० न्यूटन-मीटर, एसचा ३७०. टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गावर, पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये ट्रकला मागे टाकायचं तर एस नुसतं पाऊल दाबलं की निघते. साधीला दोन गिअर खाली आणावं लागतं. मला खाली आणायला आवडतं, मित्राला अजून ठरवता येत नाहीये.

दुसरी बाजू अशी की दोन्ही इंजिनं ७,८०० आरपीएमपर्यंत फिरतात आणि गिअर लांब आहेत. दुसऱ्या गिअरमध्येच गाडी ताशी ऐंशी मैलांच्या घरात पोहोचते. म्हणजे एसचं इंजिन शेवटपर्यंत फिरवायचं तर पोलिसांची पावती खिशात धरूनच चालवायला हवं. साधीतही तीच अडचण, पण तिथवर पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ते इंजिन ऐकायला मिळतं. साधी केमन म्हणजे गरिबाची एस, असं समजणाऱ्यांनी ती एकदा डोंगरातल्या वळणांवर चालवून बघावी.

ऑप्शन वाचायचे कुठे

विक्रेता फोनवर "फुल्ली लोडेड" म्हणाला तर त्याचा काहीच अर्थ होत नाही. पोर्शमध्ये लोडेड म्हणजे पंधरा हजार डॉलरचं चामडं असू शकतं. पुढचं बॉनेट उघडलं की आतल्या बाजूला एक पांढरा स्टिकर असतो, त्यावर तीन आकडी कोडची रांग. तीच यादी सर्व्हिसच्या पुस्तकातही चिकटवलेली असते. २५० म्हणजे पीडीके, ४७५ म्हणजे पीएएसएम हे सस्पेन्शन, २२० म्हणजे पीटीव्ही हा मागच्या चाकांचा ऑप्शन (दोन्हींबद्दल पुढे), ४५० म्हणजे सिरॅमिक ब्रेक, ३४२ म्हणजे तापणाऱ्या सीट, ६८० म्हणजे बोसचे स्पीकर. गाडी बघायला निघण्याआधी या स्टिकरचा फोटो मागवायचा. आम्ही पहिले दोन शनिवार तो न मागवता वाया घालवले.

स्टिकर फाटलेला असेल तर गिअरजवळची बटणं बघा. जो ऑप्शन घेतलेला नाही त्याच्या जागी कोरं बटण असतं. पांढऱ्या गाडीत एकही जागा कोरी नव्हती. करडीत सीट गार करायचं बटण होतं, पण जोरात चालवायच्या स्पोर्ट प्लस मोडच्या जागी नुसतं प्लास्टिक. आणि एसचा बिल्ला बघून हुरळू नका, बिल्ला चिकटवता येतो. मागे बघा: साध्या केमनला मधोमध एकच चपटी नळी असते, एसला दोन गोल. मात्र साध्या गाडीला स्पोर्ट एक्झॉस्ट असेल तर तिलाही दोन गोल नळ्या येतात. आमची पांढरी तशीच होती आणि मित्र पाच मिनिटं तिला एसच समजत होता.

नंतर बसवता येतं ते, आणि येत नाही ते

पहिल्या मालकाने ऑप्शनला किती मोजले हे विक्रेता हमखास ऐकवतो. ऐकून घ्या, आणि स्वतःला एवढंच विचारा की ही वस्तू मला उद्या बसवता येईल का. येत असेल तर तिच्यासाठी जादा देऊ नका.

स्पोर्ट एक्झॉस्ट नंतर बसतो. खर्चिक काम आहे, पण बसतो. बटण दाबलं की झडप उघडते आणि आवाज बदलतो. सकाळी सहाला शेजाऱ्यांना जाग येऊ नये म्हणून तेच बटण पुन्हा दाबता येतं. स्टिअरिंगही बदलता येतं, आणि करडीत ते बदलावंच लागलं असतं. या काळातल्या पीडीके गाड्यांच्या साध्या स्टिअरिंगवर गिअरसाठी मागे पाती नसतात. पुढून अंगठ्याने ढकललं की वरचा गिअर, मागून बोटांनी ओढलं की खालचा, आणि ही बटणं डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखीच. पाती हवी तर तेव्हा स्पोर्ट डिझाइन स्टिअरिंग वेगळे पैसे भरून घ्यावं लागे. करडीच्या मालकाने डॅशबोर्डला चामडं घातलं, टाके वेगळ्या रंगाचे घेतले, चाकांच्या टोप्यांवर रंगीत बोधचिन्ह घेतलं, आणि पाती मात्र राहून गेली. ट्रायलच्या वेळी मित्राने वळणावर खालचा गिअर म्हणून वरचा टाकला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू ते स्टिअरिंग मीच निवडलं होतं.

नंतर बसत नाहीत, किंवा बसवण्यात शहाणपण नाही, असे तीन ऑप्शन. स्पोर्ट क्रोनो, पीएएसएम आणि पीटीव्ही.

स्पोर्ट क्रोनो म्हणजे डॅशवरचं घड्याळ असं बरेच जण समजतात. घड्याळ ही त्यातली शोभा. खरा माल म्हणजे स्पोर्ट प्लस मोड, पीडीकेमध्ये लाँच कंट्रोल (उभ्या गाडीतून झटक्यात सुटण्यासाठी), आणि गिअरबॉक्स ज्यांवर टेकतो ती माउंटिंग: एरवी मऊ राहतात, जोरात चालवलं की कडक होतात. नव्या गाडीत याला १,८५० डॉलरच्या आसपास पडायचे. पीडीके एस शून्य ते साठ ४.६ सेकंदांत जाते, क्रोनो असेल तर ४.४ मध्ये. ते दोन दशांश कोणी मोजत बसत नाही, पण पीडीकेच्या स्वभावात फरक पडतो. स्पोर्ट प्लसमध्ये तो वळणाआधी स्वतःहून खालचा गिअर धरून बसतो. क्रोनोशिवाय पीडीके मला अर्धवट वाटतो. मॅन्युअलमध्ये मात्र क्रोनो नसला तरी माझी तक्रार नसते.

पीएएसएम म्हणजे बटणावर मऊ-कडक होणारं सस्पेन्शन. गाडी दहा मिलीमीटर खालीही बसते. यावर माझं मत बहुतेकांना पटत नाही: १८ इंची चाकं आणि साधं सस्पेन्शन ही जोडीही उत्तम आहे. अडचण होते ती मागच्या मालकाने दिसायला छान म्हणून वीस इंची चाकं घातलेली असतात तेव्हा. टायरचं रबर तेवढं पातळ, आणि मार्चमधले इथले खड्डे आपल्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांना लाजवणारे. वीस इंची चाकांवर पीएएसएम असलेलं बरं. पांढरीला दोन्ही होतं, तरी पुढच्या उजव्या रिमची कड खरवडलेली होतीच.

पीटीव्ही मागच्या चाकांत यांत्रिक डिफरन्शियल लॉक देतं, म्हणजे एकच चाक नुसतं फिरत राहत नाही, आणि वळताना आतल्या चाकाला हलका ब्रेक लावतं. ट्रॅकवर जाणार असाल तर घ्या. ऑफिस आणि घर एवढंच असेल तर असलं काय आणि नसलं काय.

काही ऑप्शन असे की ते असण्यापेक्षा नसलेले बरे. पिवळ्या कॅलिपरचे सिरॅमिक ब्रेक बघून लोक जादा मोजतात. नव्या गाडीत ते सात हजार डॉलरच्या वर होते आणि डिस्क बदलायची वेळ आली की एकेका डिस्कला हजारांत पैसे जातात. चाक काढताना मेकॅनिकच्या हातून रिम डिस्कवर आपटली आणि कड उडाली तरी तोच खर्च. रस्त्यावर चालवणाऱ्याला पोलादी डिस्क पुरून उरतात. नेव्हिगेशनची तर कीव येते. तेव्हा लोकांनी त्यासाठी भरपूर मोजले, आज ते नकाशे बघवत नाहीत, आणि ९८१ मध्ये कारप्ले आलंच नाही. रात्री चालवत असाल तर मात्र दिवे बघा, साध्या केमनला हॅलोजन मिळायचे आणि एसला बाय-झेनॉन.

मॅन्युअलचा इतिहास, पीडीकेचा स्वभाव

पांढरीकडे मन ओढत होतं, पण मॅन्युअल जुनी घेताना एक तपासणी चुकवायची नाही. पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडला तर चाकं इंजिनाला मर्यादेपलीकडे ओढून नेतात, आणि तिथे इंजिनाचा वेग आवरणारा रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही. गाडीचा संगणक हे मर्यादेपलीकडचं फिरणं, म्हणजे ओव्हररेव्ह, वेगाच्या सहा पायऱ्यांत लिहून ठेवतो, कितव्या तासाला झालं त्यासह. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत थोडे आकडे असणं साहजिक. वरच्या पायऱ्यांत आकडे दिसले, आणि तेही अलीकडच्या तासांतले, तर गाडी सोडायची. पीडीके असा चुकीचा गिअर पडूच देत नाही, म्हणून तिथे ही चिंता नसते.

आम्ही पांढरीची तपासणी एका स्वतंत्र पोर्श मेकॅनिककडून करून घेतली. खर्च काही शे डॉलर, तो खरेदीदारानेच करायचा. ओव्हररेव्ह स्वच्छ निघाले. पुढच्या बंपरच्या जाळीतून टॉर्च मारल्यावर मात्र रेडिएटरसमोर पाचोळ्याचा ओला गठ्ठा दिसला. तो वर्षानुवर्षं साचला की एसीचे कंडेन्सर गंजतात. मागच्या टायरवर शेवटचे आकडे होते ४०१६, म्हणजे २०१६ चा चाळिसावा आठवडा. खाच चांगली खोल, रबर मात्र दगड झालेलं. एवढ्यावर घासाघीस करता येते.

करडीच्या विक्रेत्याने बाहेरच्या मेकॅनिकला नकार दिला. "आमची तपासणी झालेली आहे," एवढंच. त्यानंतर चामड्याचा वास कितीही छान असला तरी उपयोग नव्हता.

बॉक्स्टर की केमन, यावर फार लिहिण्यासारखं नाही. सामान केमनमध्ये ४२५ लिटर बसतं, बॉक्स्टरमध्ये २८०. बॉक्स्टरचं छप्पर नऊ सेकंदांत उघडतं, ताशी पन्नास किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही. मागची सीट दोन्हीत नाही. हे मित्राच्या बायकोला दुसऱ्या महिन्यात कळलं, आणि तेव्हा झालेलं संभाषण या आढाव्याच्या कक्षेबाहेरचं आहे. पुढेमागे पुण्याला परतताना गाडी बरोबर नेऊ, हा विचारही आताच सोडा. भारतात जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. इथली केमन दोन्हीत नापास.

मला विचाराल तर रोज टर्नपाइकवर तासभर रखडणाऱ्याने क्रोनो असलेली पीडीके एस घ्यावी आणि चामडं फुकट मिळालं असं समजावं. ज्याच्या वाट्याला फक्त शनिवार सकाळ येते त्याने साधी मॅन्युअल घ्यावी, एक्झॉस्ट नसला तरी चालेल. मित्र दुसऱ्या जातीतला. हे त्याला सांगून पटेपर्यंत आठवडा गेला आणि तेवढ्यात पांढरी कोणीतरी उचलली.

काल रात्री पेन्सिल्व्हेनियातल्या एका विक्रेत्याने स्टिकरचा फोटो पाठवलाय. ४७५ आहे, ३४२ आहे, २५० नाही. शनिवारी सकाळी सातला निघतोय, टॉर्च माझ्याकडे आहे.