न्यायाधीशांच्या मंजुरीची टक्केवारी : अपंगत्व लाभाच्या सुनावणीआधी हा तक्ता किती उपयोगी पडतो?

अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनच्या संकेतस्थळावर एक साधा तक्ता सर्वांना विनामूल्य पाहता येतो. अपंगत्व लाभाच्या अपिलांवर सुनावणी घेणाऱ्या प्रत्येक प्रशासकीय न्यायाधीशाचे नाव, त्याचे सुनावणी कार्यालय, आर्थिक वर्षात त्याने निकाली काढलेली एकूण प्रकरणे, त्यांपैकी प्रत्यक्ष निर्णय किती, मंजूर किती, नामंजूर किती, आणि मंजूर झालेल्यांत पूर्णतः अनुकूल व अंशतः अनुकूल किती, एवढेच त्यात असते. याच आकड्यांवरून काही खासगी संकेतस्थळे न्यायाधीशांना टक्केवारी आणि क्रमांक बहाल करतात. गेल्या वर्षी माझ्या वहिनींच्या सुनावणीच्या निमित्ताने मी सरकारी तक्ता आणि त्यावर उभे असलेले एक खासगी संकेतस्थळ असे दोन्ही अडीच महिने बारकाईने वापरले. सरकारी तक्त्याला मी पाचपैकी चार गुण देईन. खासगी संकेतस्थळाला एकाहून अधिक देता येत नाही.

वहिनींनी न्यू जर्सीत पंधरा वर्षे प्रयोगशाळेत काम केले. संधिवाताने बोटे वाकल्यावर त्यांना नोकरी सोडावी लागली. पहिला अर्ज नामंजूर झाला, पुनर्विचारातही नकारच आला, आणि तिसऱ्या पायरीवर प्रकरण न्यायाधीशापुढे गेले. सुनावणीची सूचना कायद्याने किमान 75 दिवस आधी मिळते. ती आली त्याच संध्याकाळी पुतण्याने न्यायाधीशांचे नाव शोधले आणि खासगी संकेतस्थळावर लाल अक्षरांतील आकडा पुढे आला : मंजुरी चाळीस टक्क्यांच्याही खाली. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भावजी, अर्ज मागे घेऊ या का? पुन्हा नव्याने केला तर दुसरे न्यायाधीश मिळतील.” दुःखाची गोष्ट अशी, की सुनावणीत आमची बाजू मांडण्यासाठी आम्ही ज्यांच्याकडे गेलो होतो त्या प्रतिनिधीच्या कार्यालयातूनही फोनवर हाच सल्ला मिळाला.

हा सल्ला किती धोक्याचा आहे, हे तो लाल आकडा सांगत नाही. सुनावणीची मागणी मागे घेतली की प्रकरण बंद होते आणि आधीचा नकार कायम होतो. नव्या अर्जावर मागची रक्कम मिळाली तरी ती अर्जाच्या आधीच्या जास्तीत जास्त बारा महिन्यांचीच. त्याहून गंभीर बाब विम्याच्या मुदतीची. हा लाभ पगारातून कापल्या जाणाऱ्या करावर मिळणारा विमा आहे. वहिनींच्या वयाच्या माणसाची अपंगत्वाआधीच्या दहा वर्षांत साधारण पाच वर्षांची नोकरी भरावी लागते. त्यामुळे काम सुटल्यावर सुमारे पाच वर्षांत हे संरक्षण संपते. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने पुण्या-मुंबईत केलेल्या नोकरीची वर्षे त्यात धरली जात नाहीत, हे इथल्या मराठी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावे. न्यायाधीश बदलून मिळावा म्हणून घालवलेली दोन वर्षे एखाद्याचा हक्कच बुडवू शकतात.

आता खुद्द आकड्याकडे वळतो. टक्केवारी काढताना भागायचे कशाने, हा पहिला प्रश्न आहे. समजा एका न्यायाधीशाने 400 प्रकरणे निकाली काढली. त्यांतील 80 प्रकरणे अर्जदार गैरहजर राहिल्यामुळे किंवा अपील मुदतीत न आल्यामुळे गुणदोषांत न शिरताच बंद झाली, उरलेल्या 320 निर्णयांपैकी 160 मंजूर झाले. निर्णयांनी भागले तर मंजुरी 50 टक्के येते, एकूण निकालांनी भागले तर 40 टक्के. सरकारी तक्ता दोन्ही रकाने स्वतंत्र देतो, म्हणून तो प्रामाणिक वाटतो. मी वापरलेले खासगी संकेतस्थळ मात्र कशाने भागले हे सांगतच नव्हते. मी हाताने गणित केले तेव्हा आमच्या न्यायाधीशांचा आकडा निर्णयांच्या हिशेबात पंचेचाळीसच्या पुढे गेला. शिवाय अमेरिकेचे सरकारी आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत पाहिलेली टक्केवारी मोजक्या निर्णयांवर बेतलेली असते, म्हणून मागच्या पूर्ण वर्षांचे तक्ते उघडूनच काय ते ठरवावे.

दुसरी गोष्ट मला उशिरा उमगली. देशाच्या सरासरीशी तुलना करून फारसे काही कळत नाही. तुलना करायची ती त्याच कार्यालयातील इतर न्यायाधीशांशी. संघीय कायद्यानुसार प्रकरणे शक्य तितकी आळीपाळीने वाटायची असतात, त्यामुळे एका कार्यालयातील न्यायाधीशांकडे साधारण सारख्याच प्रकारचे अर्जदार येतात. तिथे दोन शेजारच्या न्यायाधीशांत पंचवीस टक्क्यांचे अंतर दिसले, तर त्याचे कारण अर्जदारांत शोधणे कठीण होते. दोन वेगळ्या राज्यांतील कार्यालयांची तुलना करताना मात्र अर्जदारांचे वय, शिक्षण, पूर्वीचे काम आणि उपचारांची उपलब्धता हे सारे बदललेले असते.

हा फरक भासमान असल्याचे मी म्हणत नाही. अमेरिकेच्या संसदेसाठी, म्हणजे काँग्रेससाठी, काम करणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने डिसेंबर 2017 मध्ये दिलेल्या अहवालात 2007 ते 2015 या काळातील निर्णय तपासले. अर्जदारांची वैशिष्ट्ये सारखी धरली, तरी एकाच सर्वसाधारण प्रकरणाच्या मंजुरीची शक्यता न्यायाधीश बदलल्यास 46 टक्के-अंकांपर्यंत बदलू शकते, असा त्यांचा अंदाज होता. काळानुसार ही तफावत कमी होत गेल्याचेही त्यांनी नोंदवले. तरीही आजारी माणसाच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न चिठ्ठी कोणाच्या नावाने निघते यावर इतका अवलंबून असावा, हे मला अन्यायाचे वाटते, आणि म्हणूनच हा तक्ता लोकांसमोर राहिला पाहिजे असे मी आग्रहाने म्हणतो. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, जो कोणत्याही क्रमवारीत दिसत नाही : प्रतिनिधी सोबत असलेल्या अर्जदारांना मंजुरी मिळण्याचे प्रमाण प्रतिनिधी नसलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. न्यायाधीश आपण निवडू शकत नाही, प्रतिनिधी निवडू शकतो. त्याचे शुल्क सहसा मागील थकीत रकमेच्या 25 टक्के असते आणि नोव्हेंबर 2024 अखेरीस त्यावरची मर्यादा 9,200 डॉलर करण्यात आली. नेहमीच्या करारानुसार हरल्यास शुल्क द्यावे लागत नाही.

टक्केवारी नियंत्रणाचे साधन झाली की काय होते, हेही या व्यवस्थेने पाहिले आहे. न्यायाधीशांच्या निर्णयांची तपासणी करायला लावणाऱ्या 1980 च्या बेलमन दुरुस्तीनंतर ज्यांची मंजुरी जास्त अशा न्यायाधीशांचे निर्णय वेचून तपासले जाऊ लागले. न्यायाधीशांच्या संघटनेने दावा लावला, आणि 1984 मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने या पद्धतीमुळे तणावाचे आणि अन्यायाचे वातावरण तयार झाल्याचे नोंदवले. न्यायाधीश शोधून बदलून घेण्याच्या प्रयत्नांना आळा घालण्यासाठी 2011 च्या अखेरीस सुनावणीच्या दिवसापर्यंत न्यायाधीशांचे नावच गुप्त ठेवण्याचे धोरण आले आणि काही काळाने ते मागेही घेतले गेले.

उलट टोकही तितकेच घातक असते. वेस्ट व्हर्जिनियातील हंटिंग्टन येथील न्यायाधीश डेव्हिड डॉहर्टी यांनी 2010 च्या आर्थिक वर्षात 1,284 प्रकरणांवर निर्णय दिले आणि चार वगळता सर्व मंजूर केले. पुढे केंटकीतील वकील एरिक कॉन याच्याकडून त्यांनी सहा लाख डॉलरहून अधिक रोकड घेतल्याचे उघड झाले आणि 2017 मध्ये त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. मंजुरीच्या क्रमवारीत अगदी वर दिसेल असे हे नाव होते. त्याचा भुर्दंड कोणाला पडला? कॉनच्या दीड हजारांहून अधिक पक्षकारांना 2015 पासून आपले अपंगत्व पुन्हा सिद्ध करावे लागले, आणि त्यांतील अनेकांचे लाभ थांबले. त्या लोकांत खरोखर खंगलेली माणसे होती, याचा विसर पडू नये.

मग तक्त्याचा उपयोग काय? आमच्यापुरता तो तयारीचा झाला. न्यायाधीश कडक आहेत हे कळल्यावर आम्ही प्रतिनिधी बदलला. नव्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले, की निदानाचे कागद कितीही जाड असले तरी निर्णय होतो तो काम करण्याच्या क्षमतेवर. बैठ्या कामासाठीसुद्धा दिवसातून सुमारे सहा तास बसता आले पाहिजे आणि दहा पौंडांपर्यंत वजन उचलता आले पाहिजे. त्यांनी वहिनींच्या डॉक्टरांकडून नेमके लिहून घेतले : एका वेळी किती मिनिटे बसता येते, बोटांनी बारीक काम दिवसातून किती वेळ होते, महिन्यात किती दिवस अंथरुणात जातात. हे सारे कागद सुनावणीच्या पाच कामकाजी दिवस आधी दाखल व्हावे लागतात; उशीर झाला तर न्यायाधीश ते स्वीकारण्यास नकार देऊ शकतात. वकीलबाईंच्याच कार्यालयात याच न्यायाधीशांचे काही जुने निर्णय होते. औषधोपचारांतील खंडाचे कारण ते प्रत्येक अर्जदाराला विचारतात, हे त्यांतून कळले, आणि टक्केवारीहून ही माहिती कितीतरी मोलाची ठरली.

सुनावणी व्हिडिओवर झाली आणि तासाभरात आटोपली. न्यायाधीशांनी खंडाबद्दल खरोखर विचारले. आरोग्य विमा बंद झाल्याने चार महिने महागडे इंजेक्शन घेता आले नाही, असे वहिनींनी पावत्यांसह सांगितले. अर्जदाराला कोणती कामे जमतील याची साक्ष देणाऱ्या व्यवसायतज्ज्ञाने आधी दोन-तीन बैठी कामे सुचवली. महिन्यात तीन दिवस गैरहजेरी आणि बोटांचा क्वचितच वापर, अशी अट वकीलबाईंनी घातल्यावर तशी कामे उरत नाहीत हे त्यानेच मान्य केले. न्यायाधीश रुक्ष बोलत होते, पण एकही कागद त्यांनी न वाचता सोडलेला नव्हता.

सात आठवड्यांनी निकाल आला : अंशतः अनुकूल. न्यायाधीशांनी अपंगत्व मान्य केले, पण ते सुरू झाल्याची तारीख आम्ही सांगितलेल्या तारखेच्या अकरा महिने पुढे धरली. तक्त्यात हे प्रकरण मंजुरींतच मोजले जाईल. घरात मात्र या अकरा महिन्यांचा अर्थ वेगळा होता : तेवढ्या काळाची रक्कम गेली, पाच महिन्यांचा प्रतीक्षाकाळ नव्या तारखेपासून मोजला गेला, आणि त्यानंतर 24 महिन्यांनी लागू होणारे मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमाही, तितकेच पुढे ढकलले गेले. केवळ मंजुरीची टक्केवारी पाहणाऱ्या वाचकाने म्हणूनच पूर्णतः आणि अंशतः अनुकूल हे दोन रकाने वेगळे वाचावेत. आमच्या न्यायाधीशांच्या नावापुढे दुसऱ्या रकान्यातील संख्या शेजाऱ्यांपेक्षा ठळकपणे मोठी होती आणि ती मी सुनावणीआधी पाहूनही दुर्लक्षित केली होती. ती लक्षात घेतली असती, तर आजाराच्या पहिल्या वर्षाचे कागद आम्ही अधिक कसून जमवले असते.

तारखेविरुद्ध अपील करायला 60 दिवस होते. न्यायाधीशांच्या वरची पायरी असलेल्या अपील कौन्सिलकडे गेल्यास केवळ तारीख नव्हे, तर मंजुरीसह संपूर्ण निर्णय पुन्हा उघडला जाऊ शकतो, असे वकीलबाईंनी स्पष्ट केले. वहिनींनी दोन दिवस विचार केला आणि अपील करायचे नाही असे ठरवले.