हँडल लॉक लागेना, तेव्हाच कळायला हवं होतं

वाई-सुरूर रस्त्याला पत्र्याची एक शेड आहे. पाटी नाही. बाहेर दोन जुन्या स्प्लेंडर आणि पुढचं चाक नसलेली एम-८० उभी असते, तीच खूण. तिथल्या मेकॅनिक आप्पांनी माझी हिमालयन मोटरसायकल पुन्हा वळती केली, म्हणून हे लिहितेय.

गाडी ४११ सीसीची, २०२१ सालची. मी पाच फूट दोन इंच. सीटची उंची ८०० मिलिमीटर, वजन कागदावरच १९९ किलो, त्यावर माझ्या दोन पेट्या. हँडल लांब पडायचं, म्हणून पुण्यातल्या एका दुकानातून रायझर बसवून घेतले. हँडल वर उचलणारे आणि अंगाकडे ओढणारे. त्याच दिवशी पुढच्या चाकाच्या शॉकअपला फॉग लाइट आणि टाकीवर बॅगही घेतली. दुकानात गेलं की माझा हात सुटतो. येताना हायवेला गाडी अशी मस्त चालली की मी मनातल्या मनात दुकानदाराला दुवा दिला.

दुसऱ्या दिवसापासून हँडल लॉक लागेना. मी दोष दिला किल्लीला. तेल सोडलं, नवी किल्ली करून आणली, १८० रुपये घातले. लॉक लागायला हँडल डावीकडे पार शेवटपर्यंत जावं लागतं, आणि ते जातच नाहीये, हे डोक्यातच आलं नाही.

मग पसरणी घाट. पाचगणीकडे चढताना डावीकडचं एक आवळ वळण, पुढे एसटी, मी जवळजवळ थांबलेली. हँडल डावीकडे दाबलं तर अंगठा बॅगेत रुतला आणि रेस न पिळता इंजिन आपोआप गुरगुरलं. गाडी पुढे सरकली, मी दचकून पुढचा ब्रेक दाबला. वळलेल्या चाकावर पुढचा ब्रेक दाबला की काय होतं ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. एसटीचे कंडक्टर उतरले, दोघांनी मिळून गाडी उचलली. लागलं काही नाही. पेटीला पोचा आला, अब्रूलाही थोडा.

आप्पांनी आधी विचारलं, "ताई, गाडी वळत न्हाई, का तुमी वळवत न्हाई?" मला राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधायला त्यांनी पाना उचललाच नाही. गाडी मेन स्टँडवर घेतली, मागून पोराला बसवून पुढचं चाक अधांतरी केलं आणि एका बोटाने हँडल फिरवून बघितलं. मधे कुठे खाच लागत नाही, म्हणजे कोनसेट, हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ठीक. मग घरातून कणकेचा गोळा मागवला! हँडल जिथे फ्रेमला टेकून थांबतं, त्या स्टॉपरवर दोन्ही बाजूंना कणीक लावली आणि हँडल जाईल तितकं फिरवलं. लोखंडाला लोखंड टेकलं असतं तर कणीक चपटी झाली असती. डावीकडे पेन्सिलीएवढा थर उरला, उजवीकडे त्याच्या निम्मा. तिथे पेन्सिलीएवढं म्हणजे हँडलच्या टोकाला चार बोटं. घाटात चार बोटं म्हणजे पुष्कळ झाली.

मग इंजिन चालू ठेवून हँडल हळूहळू डावीकडे नेलं. रेस वाढली. उजवीकडे नेल्यावर क्लचच्या लिव्हरची ढिलाई गायब. रायझरने हँडल उंच झालं, केबली मात्र तेवढ्याच राहिल्या, आणि दुकानातल्या पोराने दोन्ही केबली हेडलाइटच्या वायरिंगसकट एकाच प्लास्टिक पट्टीत आवळल्या होत्या. हँडल डावीकडे गेलं की उजवी मूठ पुढे जाते आणि रेसची केबल ताणली जाते; उजवीकडे गेलं की तेच क्लचचं. शिवाय उजवीकडे फॉग लाइटची पट्टी टाकीपुढच्या गार्डला अडत होती. एका दुखण्याला चार बापं.

प्लास्टिकची पट्टी कापली, केबली मूळच्या कडीतून आतून नेल्या. फॉग लाइट शॉकअपवरून काढून गार्डवर घेतले. ओढणाऱ्या रायझरच्या जागी भंगाराच्या डब्यातून सरळ ठोकळे निघाले, वर नवे लांब बोल्ट: उंची राहिली, अंगाकडे ओढणं गेलं. बॅग माझ्या हातात दिली, "ही घरी ठेवा." हँडल लांब पडतं ही माझी रड तशीच उरली, त्यावर लिव्हर थोडे खाली फिरवून दिले आणि सीटचा पुढचा फोम कापून घ्यायला साताऱ्याला जायला सांगितलं. ते अजून केलेलं नाही.

मी मधेच शहाणपणा केला, स्टॉपर घासून आणखी वळवता येईल का म्हणून. साफ नाही म्हणाले. स्टॉपर घासला तर वायरिंग चेंगरतं, शॉकअप टाकीला भिडतो.

आता तक्रारी. "दोन तासांत देतो" म्हणाले, संध्याकाळचे सात वाजले. बिल नाही. कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे टाकीखाली तसेच, ते मी घरी वेचले. मजुरी ७०० आणि बोल्टचे १२० घेतले. रायझरला मी २८०० मोजले होते, ते आता माळ्यावर आहेत.

घरासमोरच्या बोळात गाडी वळवायला आधी तीनदा पुढे-मागे करावी लागायची, आता एकदा पाय टेकून होतं. हँडल लॉक पहिल्या झटक्यात लागतं, तेही जुन्या किल्लीने.

आप्पा फोन उचलत नाहीत, सरळ जाऊन उभं राहायचं. अमावास्येला बंद.