प्रमाणपत्रासह फसवणूक : ‘१९०५ सालच्या’ पीटरसन पाइपचा अनुभव

एकूण ४६२ युरो गेले. तंबाखू ओढायच्या जुन्या पाइपचे ३८५, टपालाचे ३२ आणि ज्या कागदामुळे पुढे माझीच तक्रार फेटाळली गेली, त्या ‘ओळख प्रमाणपत्रा’चे ४५. हे लिहिताना लाज वाटते, कारण मी जुने पाइप काल-परवा जमवू लागलेलो नाही. दांडीवरचे पुसट शिक्के भिंगाखाली वाचण्यात गेल्या अकरा वर्षांतले कितीतरी रविवार घालवले आहेत, आणि तरीही ज्या चुकीबद्दल मी नवख्यांना बजावत असे, नेमकी तीच माझ्या हातून झाली.

विक्रेत्याची पद्धत आपल्या ओळखीचीच आहे. आधी ‘आजोबांच्या कपाटात सापडला, मला यातले काही कळत नाही’ असा भाबडेपणा, मग ‘आणखी एक जण मागे लागला आहे’ अशी घाई, आणि मी कचरतो आहे असे दिसताच ‘एक तज्ज्ञ माझ्या परिचयाचे आहेत, निर्माता आणि साल त्यांच्याकडून लेखी घ्या’ असा साळसूद सल्ला. दोनच दिवसांत जाड कागदावर, लाखेच्या शिक्क्यानिशी निर्वाळा आला : आयर्लंडमधल्या डब्लिनच्या कॅप अँड पीटरसन या पाइप बनवणाऱ्या कंपनीचा पाइप, साधारण १९०५, चांदीचे कडे, हॉलमार्क स्पष्ट. विक्रेता आणि तज्ज्ञ एकच असावेत, हे तेव्हा मनातही आले नाही. आता दोघांच्या पत्रांत एकाच शब्दाचे एकसारखेच चुकीचे स्पेलिंग डोळ्यांत खुपते.

त्या प्रमाणपत्रातला युक्तिवादही पाहण्यासारखा आहे. तोंडात धरायच्या टोकाला वरच्या बाजूने भोक, म्हणजे पी-लिप. पी-लिपचे पेटंट १८९८ चे. म्हणून पाइप त्याच सुमाराचा. पेटंटवरून फार तर एवढेच सिद्ध होते की वस्तू त्याआधीची नाही. पी-लिप आजही बनते. व्हल्कनाइटच्या (कडक रबराच्या) नळीवर आलेल्या हिरवट-तपकिरी रंगाचेही त्यात कौतुक होते. तो रंग उन्हात आणि निष्काळजीपणात थोड्या वर्षांतही चढतो.

पण मला खरा राग आहे तो चौथ्या छायाचित्राचा. विक्रेत्याने सात छायाचित्रे पाठवली होती आणि चौथ्यात कडे अगदी जवळून टिपलेले होते. त्यावर तीन छोटी चिन्हे होती : शॅमरॉकचे तीन दलांचे पान, शिकारी कुत्रा आणि दगडी मनोरा. डब्लिनमध्ये तपासलेल्या चांदीवर मुकुटधारी वीणा, बसलेली हायबर्निया (आयर्लंडचे प्रतीक असलेली स्त्री) आणि सालाचे अक्षर असते, जोडीला निर्मात्याची खूण. पान, कुत्रा आणि मनोरा ही कंपनीची स्वतःची सजावट आहे, ती बहुधा निकेलच्या कड्यावर असते आणि तिचा चांदीशी काही संबंध नाही. हे मला ठाऊक होते. मी ते इतरांना सांगितलेले आहे. तरीही त्या रात्री मी चिन्हे मोजली, पाहिली नाहीत. तीन आहेत म्हणजे हॉलमार्क असणार, असे मनाने परस्पर ठरवून टाकले. प्रकाश पिवळा होता, पडदा मोबाइलचा होता, हातात भिंग होते पण पाइप नव्हता, आणि ‘हॉलमार्क स्पष्ट’ हे शब्द आधीच वाचून झाले होते. एकदा कोणी लिहून दिले की डोळे तेच पाहतात. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर तोही चकला असता, असे मी अजूनही म्हणतो, मात्र पूर्वीइतक्या ठामपणे नाही.

पाइप हातात आल्यावर दांडी टेबलावरच्या दिव्यासमोर तिरपी धरली. डाव्या बाजूला ‘पीटरसन्स’ हा छाप धारदार होता; उजव्या बाजूचे लाकूड मात्र घासून, मेण लावून आरशासारखे चकचकीत केलेले, आणि तिथली कडही गोलावलेली. प्रकाश फिरवत गेल्यावर तिथे तीन ओळींच्या सावल्या उमटल्या आणि मधल्या ओळीत ‘रिपब्लिक ऑफ’ वाचता आले. १९२२ ते १९३७ या काळात आयर्लंडचे नाव आयरिश फ्री स्टेट होते आणि प्रजासत्ताक अस्तित्वात आले ते १९४९ मध्ये. म्हणजे माझा ‘१९०५ चा’ पाइप किमान ४४ वर्षांनी तरुण निघाला. छायाचित्रे मागाल तेव्हा दांडीच्या दोन्ही बाजू तिरप्या उजेडात मागा, आणि जिथे चकाकी जास्त असेल तिथेच आधी पाहा.

पुढची कहाणी तक्रारीची. ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली, त्यांनी ‘वस्तू वर्णनाशी विसंगत असल्याचा मान्यताप्राप्त तज्ज्ञाचा लेखी पुरावा’ मागितला. मी शिक्क्याची नऊ छायाचित्रे पाठवली. विक्रेत्याने माझ्याच ४५ युरोंचे प्रमाणपत्र पाठवले, आणि ते ग्राह्य धरले गेले! पैसे ज्यांच्यामार्फत भरले, त्यांनी ‘पार्सल पोहोचल्याची नोंद आहे’ या एका वाक्यात प्रकरण बंद केले; पुन्हा उघडण्याची विनंती केली तेव्हा तेच वाक्य, फक्त तारीख बदलून आले. पोलिसांकडे गेलो तर अधिकाऱ्यांनी पाइप उलटापालटा करून विचारले, “जुना म्हणून घेतलात, जुनाच मिळाला, मग फसवणूक कसली?” मी १९२२, १९३७, १९४९ समजावू लागलो, तेव्हा त्यांनी शेजारच्या हवालदाराकडे पाहिले आणि दोघांनी ओढण्याच्या वस्तूवर एवढा पैसा घालणाऱ्या माणसाची मनातल्या मनात नोंद करून घेतली. कागदावर नोंद मात्र झाली नाही. अर्ज तीनदा लिहिला. तिसऱ्या वेळी ‘हा दिवाणी मामला आहे’ असे उत्तर मिळाले. विक्रेत्याने सुचवलेल्या तज्ज्ञाला एक पैसाही देऊ नका, आणि पार्सल उघडताना सलग चित्रफीत करा. मी ती केली नव्हती, हे तिन्ही ठिकाणी मला आवर्जून ऐकवण्यात आले.

गेल्या आठवड्यात त्याच विक्रेत्याने आणखी एक पाइप विकायला लावला आहे. साल १८९९ सांगितले आहे, कड्यावर पान, कुत्रा आणि मनोरा स्वच्छ दिसतात, आणि प्रमाणपत्राचे शुल्क आता ५५ युरो आहे.