साईड-बाय-साईडला लावलेला विंच एक नंबर, विंडशिल्डने मात्र वैताग आणला

माझ्या साईड-बाय-साईडसाठी (शेजारी-शेजारी सीट असलेली उघडी ऑफ-रोड गाडी) एकाच कंपनीकडून दोन वस्तू मागवल्या होत्या, ४५०० पौंडाचा विंच (दोरी गुंडाळून अडकलेली गाडी ओढून काढणारं मोटरचं यंत्र) आणि पुढची फुल विंडशिल्ड, दोन्ही स्वतःच बसवल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. विंच डोळे झाकून घ्या. विंडशिल्ड घ्यायच्या आधी खालचं वाचा.

विंचचं किट खरंच मनापासून बनवलंय. माउंट प्लेट, काँटॅक्टर (विंचचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), डॅशवरचा रॉकर स्विच, जाड लाल-काळ्या केबल्स, सिंथेटिक दोरी, सगळं आलं, आणि नटबोल्ट कुठले कुठे लागणार ते लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत दिलेत, अर्धी गाडी खोलून बसलो की याची किंमत कळते. ४५०० पौंड म्हणजे साधारण दोन टन. गाडी, माणसं, सामान धरून जे वजन होतं त्याच्या दीडपट ताकदीचा विंच घ्यायचा असा हिशोब असतो, त्यात हा माझ्या गाडीला आरामात बसतो. पण डब्यावर छापलेली ताकद ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थराची असते हे लक्षात घ्या, दोरीचे थर चढत जातात तशी ओढ कमी होते, म्हणून दोरी जमेल तेवढी बाहेर काढून ओढायचं, फक्त शेवटचे काही वेढे ड्रमवर राहू द्यायचे. नवी दोरी पहिल्यांदा गुंडाळताना सुद्धा ताणाखालीच गुंडाळा, हलक्या चढावर झाडाला पट्टा बांधून गाडी स्वतःलाच ओढत नेली की वेढे घट्ट बसतात, नाहीतर जोर आल्यावर वरची दोरी खालच्या थरात रुतते.

वायरिंगला घाई करू नका. जोर लागला की विंच शंभर अँपियरच्या वर खेचतो, त्यामुळे जाड केबल काँटॅक्टरमधून थेट बॅटरीलाच गेली पाहिजे, लाईट-हॉर्नच्या बसबारवरून (करंट वाटणारी पट्टी) विंच चालवायचा विचारही नको. स्विचची बारीक वायर मात्र चावी ऑन केल्यावरच करंट येईल अशा लाईनवर घ्या, म्हणजे गाडी बंद असताना कुणी बटण दाबलं तरी विंच फिरणार नाही. माहितीपुस्तिकेत ही वायर सरळ बॅटरीवर दाखवलीय, ते मला अजिबात पटलं नाही. केबल सायलेन्सर आणि बेल्टच्या कव्हरपासून लांबून न्या, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवाच, कारण या गाड्या इतक्या थरथरतात की पत्र्याची धार इन्सुलेशन कापतेच आणि मग तिथे शॉर्ट म्हणजे सरळ आग. माउंटच्या बोल्टांना निळं लॉकटाईट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि पहिल्या राईडनंतर परत पाना फिरवून बघा. आणि विंच वापरताना इंजिन चालू ठेवा, बॅटरी फार पटकन उतरते.

आता विंडशिल्ड. पॉलिकार्बोनेट चांगल्या जाडीचं आहे, वरचं हार्ड कोटिंगही छान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार क्लॅम्पची. विक्रीच्या वेबपानावर लिहिलंय सगळ्या गाड्यांना बसते, आणि पाठवलेत गोल पाइपचे क्लॅम्प, माझ्या केजचा (सीटभोवतीचा पाइपांचा सांगाडा) पाइप गोल नाहीये, चपट्या घडणीचा आहे. क्लॅम्प दोन कडांवरच टेकतो, मध्ये फट राहते, खडबडीत रस्त्यावर काच अशी खडखडते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कंपनीला फोटोसकट कळवलं तर उत्तर आलं की दुसरे क्लॅम्प विकत घ्या. घेतले, दुसरीकडून, केजच्या घडणीचे, आवाज लगेच बंद झाला. मग हेच आधी गिऱ्हाईकाला विचारून पाठवायला काय हरकत होती?

दुसरी गोष्ट कुणीच आधी सांगत नाही. पुढे फुल काच आणि मागे उघडं असलं की मागून हवा आत ओढली जाते आणि चाकांनी उडवलेली सगळी धूळ मानेवर, काचेच्या आतल्या बाजूवर येऊन बसते. या मॉडेलला व्हेंट (हवा आत यायला झरोके) नाहीत, त्यामुळे धुळीच्या रस्त्यावर जास्त फिरत असाल तर हाफ विंडशिल्ड किंवा व्हेंटवालीच घ्या, नाहीतर मागचं पॅनेलही लागणार हे धरूनच चाला. पुसताना आधी भरपूर पाणी मारा, मग सौम्य साबण आणि मायक्रोफायबर, कोरडी पुसली की चरे पडलेच, आणि अमोनियावालं काच क्लीनर तर लांबच ठेवा.

विंचला पाचपैकी पाच, विंडशिल्डला दोन, ते पण काचेच्या क्वालिटीचे. मागचं पॅनेल मागवलंय, दुसऱ्या कंपनीचं, या वेळी पाइपचा आकार मोजून आणि फोटो पाठवूनच ऑर्डर दिली.