त्साव त्सावसाठी बघायचंय? मग ९४ ची की २०१० ची

चीनमधल्या तीन राज्यांची गोष्ट माहीत आहे असं धरून चालतो, हान घराण्याचा दरबार पोखरलेला, सेनापती दोंग जुओ सत्ता बळकावून माजलेला वगैरे. प्रश्न एवढाच की त्या धामधुमीत त्साव त्साव हा सरदार कसा वर आला हे बघायचं तर १९९४ ची ८४ भागांची चिनी टीव्ही मालिका लावायची की २०१० ची ९५ भागांची. (सबटायटलवरून 'काओ काओ' म्हणू नका राव, आपल्या 'चाक'मधला च आहे ना, साधारण तसा.)

मी दोन्ही बघितल्यात, सुरुवात ९४ च्या पासून केली कारण सगळे जाणकार तीच सांगतात. आणि खोटं नाही, बाव ग्वोआनचा त्साव त्साव बघून दुसरा कुणी डोळ्यासमोर येतच नाही. बापाचा मित्र ल्यू बोशे, त्याच्या घरी रात्री सुऱ्या घासल्याचा आवाज येतो, याला वाटतं आपल्यालाच मारणार, सगळं घर कापून काढतो, मग कळतं की ते डुक्कर कापणार होते पाहुण्यासाठी, आणि तरी वाटेत दारू घेऊन परत येणाऱ्या म्हाताऱ्यालाही सोडत नाही. हे बघितल्यावर मी टीव्ही बंद करून जरा वेळ नुसता बसलो होतो. शिवाय लढायांना खरी माणसं, खरी गर्दी. २०१० मध्ये कॉम्प्युटरचं सैन्य लगेच ओळखू येतं आणि घोड्यावरून गिरक्या घेणारे सेनापती बघून आमच्या घरी हशा पिकला.

मग अडलं कुठे? तर चेहऱ्यांवर. ९४ ची मालिका पाच टप्प्यांत, वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी केलेली, त्यामुळे एकच पात्र वेगळे नट करतात आणि एकच नट वेगळ्या पात्रांत येतो. जाव युन या सेनापतीचा चेहरा बदलला तेव्हा मी दोन भाग त्याला कुणीतरी नवीन सरदार समजत होतो. बरं त्यात प्रत्येकाला दोन नावं, त्साव त्सावलाच कुणी मेंगदे म्हणतो, म्हणजे नावावरून ओळखावं तर नाव बदलतं, तोंडावरून ओळखावं तर तोंड बदलतं. बायको दर पाच मिनिटांनी "हा कोण?" विचारायची आणि मलाच माहीत नसायचं. शेवटी वहीत नावं लिहायला लागलो, आणि जेवताना वही घेऊन मालिका बघायची म्हणजे काय मजा राहिली सांगा.

मग २०१० ची लावली. तिच्यात पीच बागेतली शपथ (त्साव त्सावचा पुढचा प्रतिस्पर्धी ल्यू बेइ आणि त्याचे दोन साथी भाऊ होण्याची घेतात ती) वगैरे आधी नाही, थेट त्साव त्साव दोंग जुओला मारायला निघतो तिथून सुरू. म्हणजे आपला माणूस पहिल्या भागापासून हजर, ९४ च्या मालिकेचा जीव ल्यू बेइ आणि मंडळींत जास्त आहे. चेन जियानबिनचा त्साव त्साव थोडा खट्याळ, थोडा आपल्या तालुक्यातल्या पुढाऱ्यासारखा, हसत हसत माप घेणारा. सगळ्यांना नाही आवडत तो. पण इ.स. २०८ मध्ये चिबीच्या लढाईत सपाटून मार खाल्ल्यावर तो हरलेल्या लोकांसमोर उभा राहून, हरण्यातूनच जिंकायचं कसं ते कळतं अशा अर्थाचं जे बोलतो ना, तो भाग मी तीनदा लावलाय. योद्धा ल्यू बू आणि सुंदरी द्याव चानचं प्रेमप्रकरण मात्र लांबवलंय, तिथे मी सरळ पुढे ढकललं.

आता माझं मत म्हणाल तर, आधीच नावं पाठ असतील किंवा दम असेल तर ९४ चांगलीच आहे, तिला कमी लेखत नाही. पण घरच्यांबरोबर बसून, रात्री एक-दोन भाग असं बघायचं असेल तर मी तरी २०१० चीच लावीन. आणि ती संपली की ९४ चा नुसता ल्यू बोशेचा भाग काढून बघा, आता कोण कोण आहे ते वहीशिवाय कळेल.