मॅग्नेटोवाले काका, रामबाग, इंदूर: काम एक नंबर, तारखेचं मात्र विचारू नका

आमच्याकडे आजोबांची बीएसए एम२० मोटरसायकल आहे. ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी लाखाच्या वर बनवल्या त्यातलीच एक, महूला लिलावात घेतली असं घरात सांगतात. दोन वर्षं हिचं एकच रडगाणं. सकाळी गार असताना दुसऱ्या किकला चालू, पंधरा-वीस मिनिटं चालवली की फट-फट करत बंद, मग तासभर सावलीत उभी करा, तोवर पोहे खाऊन या, की परत चालू जसं काही झालंच नाही.

काकांकडे जायच्या आधी तीन ठिकाणी दाखवली. तिन्हीकडे उत्तर एकच, "भिया, टाइमिंग आउट है", म्हणजे ठिणगी पडायची वेळ चुकलीय. प्रत्येकाने टाइमिंग हलवलं, आणि शेवटच्याने इतकं ॲडव्हान्स केलं, म्हणजे ठिणगी इतकी लवकर आणली, की किकने उलटा फटका मारला, माझा घोटा आठवडाभर सुजलेला. त्यांना तरी काय बोलणार, बुलेटवर हात बसलेले लोक, बॅटरी-कॉइलची गाडी झोपेतही जमवतील. पण हिच्यात मॅग्नेटो आहे, म्हणजे फिरून ठिणगीची वीज स्वतःच बनवणारं यंत्र, त्याला बॅटरी लागतच नाही, आणि हे बल्ब लावून टाइमिंग बघत होते. तिथे बल्ब फसवतो, कारण आतल्या प्रायमरी वाइंडिंगचा (तारेच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स इतका कमी की पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क, उघडे असोत की मिटलेले, बल्ब आपला पेटलेलाच.

मग एका मित्राने रामबागेतल्या ह्या काकांचं सांगितलं. बोर्ड वगैरे काही नाही, अर्धं शटर आणि आत एक स्टूल. गाडीला हात लावायच्या आधी पहिला प्रश्न, "गार असताना त्रास देते की गरम झाल्यावर?" मी म्हटलं गरम झाल्यावरच. "मग टाइमिंगला कशाला शिव्या देताय रे, टाइमिंग काय उन्हाने हलतं?" खरं सांगू, इथेच मला वाटलं की पैसे वसूल.

गाडी गरम केली, बंद पडू दिली, प्लग काढून हेडला टेकवला आणि किक मारायला लावली. ठिणगी बारीक, पिवळट. गार गाडीत हीच निळी पडत होती. मग पिकअप (आतल्या फिरत्या स्लिप रिंगवरून वीज प्लगकडे नेणारा तुकडा) काढून पेन्सिलीला कापड गुंडाळलं आणि ती रिंग पुसली, कापड काळंकुट्ट. पॉइंटमध्ये फीलर (फट मोजायची पत्ती) घातला तर गॅप २० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पाहिजे १२. काका म्हणे गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टाइमिंग आपोआप पुढे जातं, म्हणून आधी गॅप आणि मग टाइमिंग, उलटं केलंस तर दिवसभर करत बस.

टाइमिंग बघायची त्यांची रीत मात्र बघण्यासारखी. हँडलवरचा लिव्हर फुल ॲडव्हान्सला, पॉइंटच्या फटीत सिगारेटचा पातळ कागद (नसला तर पतंगी कागद, संक्रांतीचे तुकडे डब्यात जपून ठेवलेत), आणि इंजिन हळूहळू फिरवत कागद अलगद ओढत राहायचा. ज्या क्षणी सुटला तिथे पॉइंट उघडले. मॅग्नेटो इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून मॅग्नेटोवर ५ अंश चुकले की इंजिनला १० अंशांचा फरक. आणि त्याचा गिअर नुसत्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या दांड्यावर, बसतो, नट आवळताना जरा सरकला की मेहनत पाण्यात. त्यांनी आवळून झाल्यावर परत कागद लावला, आणि परत एकदा लावला.

मूळ दुखणं निघालं आर्मेचरमध्ये, म्हणजे मॅग्नेटोच्या आत फिरणाऱ्या भागात. कंडेन्सर (वीज क्षणभर साठवणारा भाग) आतच असतो, तो गरम झाला की लीक व्हायचा, आणि किकवर मॅग्नेटो मुळात हळू फिरतो त्यामुळे ठिणगीत जोरच राहत नाही. शिवाय वाइंडिंगवरचं शेलॅक वितळून गुळाच्या पाकासारखं चिकट झालेलं. शेलॅक म्हणजे आपली लाखच की हो, इथल्या झाडांवरची विलायतेला गेली आणि इंदूरच्या मे महिन्यात पाघळली!

आता तक्रारी. दहा दिवस सांगितले होते, सहा आठवडे लागले, कारण रिवाइंडिंगला (तार नव्याने गुंडाळायला) बाहेर पाठवतात आणि तिकडून कधी येईल ते त्यांनाही माहीत नसतं. फोन उचलत नाहीत. बिल नाही, ७,५०० रुपये रोख, हिशोब कॅलेंडरच्या मागे लिहिलेला. पिकअपचं जुनंच गॅस्केट परत लावलं होतं, पहिल्याच पावसात पाणी आत जाऊन गाडी मिसफायर करायला लागली. ते नंतर फुकट बदलून दिलं, पण माझी चक्कर गेलीच ना.

गाडी हातात आल्यावर मी मुद्दाम भर दुपारी खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे भेरूघाट चढून आलो, वर चहा प्यायला बंद केली आणि तापलेली असतानाच किक मारली. एका किकला चालू. शेजारच्या टपरीवाल्याला काही कळलं नाही मी एवढा का हसतोय ते.

जाणार असाल तर दुपारी १ ते ४ जाऊ नका, काका झोपतात. आणि गाडीचं मॅन्युअल सोबत न्या, मापं तोंडपाठ असली तरी ते पान डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते गिअरचा नट सोडत नाहीत.