जुनी जावा घेताना झालेली माझी फसवणूक

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर विकणारा म्हणून ज्यांच्या सह्या होत्या, ते गृहस्थ अकरा वर्षांपूर्वीच वारले होते. हे मला सगळे पैसे देऊन झाल्यावर साडेतीन महिन्यांनी कळलं. तेही त्यांच्या मुलाच्या तोंडून, त्यांच्याच ओट्यावर बसून.

मी अमळनेरचा. वय आता पन्नाशीला टेकलंय. एका पतसंस्थेत हिशेब बघतो, कर्जदारांचे कागद तपासणं हेच माझं रोजचं काम. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'अडाणी माणूस फसतो' असं वाचणाऱ्याला वाटू नये. कागद वाचता येणारा माणूसही फसतो, आणि मी नेमका कुठे फसलो ते मला सांगायचं आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, गुराढोरांचे डॉक्टर होते. बोरी नदीकाठची गावं ते जावा मोटरसायकलवर फिरायचे. मरून रंगाची, टाकीला दोन्ही बाजूंनी क्रोम आणि गुडघ्याजवळ रबर. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर. किक आणि गिअरचा दांडा एकच: आत दाबून वर फिरवला की किक, खाली पाडला की गिअर. लहानपणी तो दांडा फिरवून बघणं हा माझा खेळ होता. एकदा एका बैलाला इंजेक्शन देताना तो उधळला आणि त्याचं शिंग टाकीला डाव्या बाजूने लागलं. तिथे पोचा पडला तो कायमचा. नानांनी तो कधी काढला नाही. 1988 मध्ये ताईच्या लग्नासाठी गाडी विकली, आणि ती कोणी नेली हेही आम्हाला नंतर आठवेना.

नाना गेल्यावर ती गाडी मला फार आठवायला लागली. 2018 मध्ये जावा हे नाव नव्या गाड्यांवर परत आलं, 2022 मध्ये तिचीच नंतरची बहीण येझदीही परतली, आणि जुन्या गाड्यांची चौकशी आमच्याकडेही एकदम वाढली. या दोन्ही जुन्या गाड्या बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. म्हणजे आहेत त्या गाड्या आहेत, नवी जुनी जावा कोणी बनवणार नाही. मागणी वाढते आणि माल वाढत नाही, तिथे माल 'तयार' करणारे लोक उभे राहतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

एका ओळखीच्या माणसाकडून जुन्या गाड्या नव्यासारख्या करून विकणाऱ्या एकाचा पत्ता मिळाला. गावाचं नाव लिहीत नाही, तापीपलीकडचं एक गाव समजा. 2022 च्या दिवाळीनंतर मी गेलो. माणूस चांगला बोलका, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. शेडमध्ये दोन राजदूत, एक बुलेट, एक अर्धवट खोललेली येझदी. चहा आला. त्याने मला पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, तुमच्या घरी कोणती होती?"

मी सगळं सांगितलं. रंग, साल, ढोरांचा दवाखाना, बैलाचं शिंग. मोबाइलमधला नानांचा गाडीसोबतचा फोटोही दाखवला. तो मन लावून ऐकत होता. म्हणाला, "फोटो पाठवून ठेवा, तशी कुठे दिसली तर कळवतो." मी तिथल्या तिथे पाठवला.

पाच आठवड्यांनी त्याचा फोन आला. "दादा, तुमची गाडी सापडली." मी पोचलो तेव्हा गाडी उन्हात उभी होती. मरून. क्रोम चकाकत होतं. आणि टाकीच्या डाव्या बाजूला, रबराच्या जरा पुढे, पोचा. मी त्याच्यावर हात ठेवला आणि मला बोलताच येईना. तो हळू आवाजात म्हणाला, "नानांचीच असेल असं मी म्हणत नाही. पण समजायला काय हरकत आहे?"

त्यानंतर मी काही तपासलंच नाही. त्याने एक किक मारली, गाडी सुरू झाली. एका किकेत सुरू झाली याचा मला आनंद झाला. इंजिन आधीच गरम होतं, हे मी सायलेन्सरला हात लावून बघितलं असतं तर कळलं असतं. जुन्या टू-स्ट्रोकची खरी परीक्षा ती रात्रभर थंड पडलेली असताना होते. विकणाऱ्याने सांगितलेल्या वेळी जाऊ नका. न सांगता सकाळी लवकर जा.

आरसी बुक दाखवलं. 1969 चं, पानं पिवळी पडलेली, शाई उडालेली. मालक शिरपूर तालुक्यातले. "म्हातारे आहेत, त्यांना येववत नाही. सह्या घेऊन ठेवल्यात." मोबाइलवर सरकारच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघितला तर काहीच माहिती येईना. तो म्हणाला, जुन्या नंबरांची नोंद ऑनलाइन नसतेच. ही गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून ती जास्त घातक. पुष्कळ जुन्या गाड्यांची नोंद खरोखरच पोर्टलवर चढलेली नसते. पण मग आरटीओत मूळ नोंदवहीशी ताडून ती आधी चढवून घ्यायची असते, आणि ते काम विकणाऱ्याचं. ते झाल्याशिवाय पैसे द्यायचेच नाहीत.

त्याने आणखी एक आमिष दाखवलं. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणी दहा वर्षं चालते. नव्या नोंदणीची फी वीस हजार. हे सगळं खरं आहे. त्याने सांगितलं नाही ते असं की, गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, तिच्यात मोठा फेरफार चालत नाही, आणि अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, अशाच कामांसाठी. मला तर तिच्यावरून गावोगाव फिरायचं होतं.

एक लाख पासष्ट हजार ठरले. एकवीस हजार मोबाइलवरून, तेही त्याने दिलेल्या दुसऱ्याच एका नंबरवर. बाकी रोख. पावती नाही. रोज दुसऱ्यांना पावत्या मागणारा मी, तिथे मागायला मला संकोच वाटला. माझ्या वडिलांची गाडी शोधून देणाऱ्या माणसाकडे पावती कशी मागायची, असं वाटलं.

पुढचे दोन महिने मात्र मी खरंच सुखात होतो. पेट्रोलमध्ये लिटरमागे चाळीस मिली टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मोजून घालायला शिकलो. प्लग काढून काळा पडलाय का ते बघायचं, पॉइंट पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायचे, सायलेन्सरच्या आतली जाळी काढून कॉस्टिकमध्ये भिजवून कार्बन काढायचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हात काळे करून घरी जाण्यात काय समाधान आहे ते सांगता येणार नाही. एका रविवारी पहाटे एरंडोलवरून पद्मालयापर्यंत जाऊन आलो. उन्हाळा लागायच्या आधीची हवा होती, कापूस उपटून रिकामी झालेली शेतं, आणि तो दोन सायलेन्सरचा आवाज. ही गोडी खोटी नव्हती. गाडी खोटी होती.

मग धूर वाढला. गाडी पांढरा धूर सोडायला लागली आणि गिअरबॉक्सचं ऑइल आठवड्याला कमी व्हायला लागलं. तिसरा गिअर आपोआप सुटायचा. मी ती अमळनेरच्याच एका जुन्या मिस्तरींकडे नेली. त्यांनी चाळीस वर्षं या गाड्याच खोलल्यात. क्रँकचं सील गेलं होतं, त्यामुळे गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात ओढलं जाऊन जळत होतं. इथपर्यंत ठीक, जुन्या गाडीत हे होतं. पण कव्हर काढल्यावर ते थांबले. बाहेरचं कव्हर जावाचं, आतला सगळा जोड येझदीचा. मग गाडी धुऊन, आडवी करून, टॉर्च लावून चेसी बघितली. जावाचं मागचं मडगार्ड बसावं म्हणून चेसीवर नवे तुकडे वेल्ड केलेले होते. टाकीचं झाकण काढून आत उजेड टाकला तर आतला पत्रा कोरा, कुठे गंजाचा ठिपका नाही. चौपन्न वर्षांची टाकी अशी नसते. ती नवी बनवलेली टाकी होती.

"आणि हा पोचा?" मी विचारलं.

त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. पोच्याच्या आतही रंग अगदी एकसारखा, कुठे तडा नाही, खाली जुना थर नाही. लाकडी हातोडीने ठोकून मग रंग मारलेला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, तू गाडी नही लिधी, रंग लिधा." म्हणजे, गाडी नाही घेतलीस, रंग घेतलास.

मी त्या रात्री झोपलो नाही. पैशांचं दुःख होतंच. पण माझ्या बापाच्या टाकीवरचा पोचा कोणीतरी शेडमध्ये बसून, माझाच फोटो समोर ठेवून, हातोडीने तयार केला, हे मला सोसवेना. आजही सोसवत नाही.

तरी एक आशा होती की कागद तरी खरे असतील. आरटीओत गेलो. तपासणीला अधिकाऱ्यांनी चेसी नंबरावरचा रंग घासायला लावला आणि कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला. त्या छापावर सगळं दिसलं. आकडे एका ओळीत नव्हते, एक खोल, एक उथळ, आणि त्यांच्याखाली ग्राइंडरच्या आडव्या रेघा. ते सौम्यपणे म्हणाले, हा नंबर घासून पुन्हा मारलेला आहे, ही गाडी नावावर होणार नाही, आणि तुम्ही स्वतः पोलिसांत गेलात तर बरं. कारण खालची चेसी कुणाची चोरलेली निघाली तर ती तुमच्या ताब्यात सापडते.

पोलिसांत जाण्याआधी मी आरसी बुकावरच्या पत्त्यावर गेलो. अनेर नदीच्या बाजूचं गाव. मालकांचा मुलगा माझ्याच वयाचा. वडील वारल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांनी जावा भंगारवाल्याला दिली होती, अठराशे रुपयांत. आरसी बुक सीटखालच्या डब्यात तसंच गेलं. ते पिवळं बुक पुढे कुणीतरी कुणाला तरी विकलं. गाडीशिवाय नुसत्या कागदालाही भाव असतो, हे मला तिथे कळलं. मालक वारला असेल तर वारसाने आधी फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करावी लागते, तेव्हाच ती पुढे विकता येते. सही केलेले कोरे 29 आणि 30 कोणी पुढे केले, तर मालक जिवंत आहे का आणि कुठे आहे, हे स्वतः जाऊन बघा. शिरपूर मला फार लांब नव्हतं. गाडी घेण्याआधीच मी जाऊ शकलो असतो.

त्या मुलाने मोबाइलवर माझ्या गाडीचा फोटो बघितला आणि नकारार्थी मान हलवली. "आमची काळी होती." आरसी बुक उघडलं. रंगाच्या रकान्यात, उडालेल्या शाईत, काळा असंच लिहिलेलं होतं. ते पान मी विकत घेताना हातात धरलं होतं.

तक्रार दिली. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, गाडी मुद्देमाल म्हणून जमा झाली आणि ठाण्याच्या आवारात उभी आहे. पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त ते एकवीस हजारांचं ऑनलाइन पेमेंट आणि मी पाठवलेला फोटो. रोख दिलेल्या एक लाख चव्वेचाळीस हजारांचं कुणीच काही सांगू शकत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, जुन्या गाडीचा एक रुपयाही रोख देऊ नका, आणि पैसे फक्त आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात टाका. गाडीजवळ गेल्यावर आधी रॉकेलचा बोळा फिरवून चेसीचा नंबर मोकळा करा. विकणारा "रंग खराब होईल" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. सोबत मिस्तरी न्या, आणि ज्याचं त्या गाडीशी काही नातं नाही असा एक माणूसही न्या.

मी गाडी चालवणं सोडलेलं नाही. मागच्या वर्षी एका निवृत्त मास्तरांकडून 1991 ची येझदी रोडकिंग घेतली, एमएच-19 ची. ते स्वतः आरटीओत माझ्या शेजारी बसून सह्या करून गेले. तिला ठिकठिकाणी गंज आहे, एक इंडिकेटर लागत नाही. रंग मी मारलेला नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात पारोळ्याचा माझा एक मित्र बुलेट बघायला गेला होता. परत आला तो खुशीत होता. माणूस फार चांगला वाटला, म्हणाला, किमतीचं बोलायच्या आधी तासभर माझ्या वडिलांबद्दल विचारत बसला. "तुमच्या घरी कोणती होती" म्हणून त्याने स्वतःहून विषय काढला. मित्राने त्याला फोटोही पाठवलाय.